आधी साखर लागते का ते बघा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही तिघी एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहोत, कोल्हापुरात. प्रोजेक्टमध्ये मानवी इंटरफेरॉन बीटा यीस्टमधून काढायचं आणि त्यावर माणसासारखी साखर चढवायची, म्हणजे ते विषाणूविरुद्ध औषध म्हणून चालेल, असं ठरवलंय. एक सर म्हणतात, ई. कोलायमध्ये करा, लगेच होईल. दुसरे म्हणतात, साखरेशिवाय प्रोटीनला अर्थ नाही. कोणाचं ऐकायचं? आणि हे इथे बसून होण्यासारखं आहे का?"

इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरला की आपल्या पेशी सोडतात ते इशाऱ्याचं प्रोटीन, आणि ई. कोलाय म्हणजे प्रयोगशाळेतला नेहमीचा बॅक्टेरिया. दोन्ही सर अर्धे अर्धे बरोबर आहेत. राहिलेला अर्धा भाग सांगायला जरा वेळ लागेल.

आधी माझं सांगतो. नोकरीची पहिली काही वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली. मळी, पाणी, यीस्ट, तीस-बत्तीस अंश तापमान, टाकीत आठ-नऊ टक्के अल्कोहोल झालं की माल पुढे. यीस्ट म्हणजे दारू करणारा जीव, एवढंच डोक्यात. पुढे औषध कंपनीत गेलो तेव्हा हातात पिकिया नावाचं दुसरं यीस्ट आलं. नाव आता बदलून कोमागाटेला केलंय, पण आमच्या पिढीच्या तोंडी पिकियाच. हवा नीट मिळाली तर हे यीस्ट दारूच्या वाटेला जात नाही, सगळं खाणं अंगाला लावतं. फर्मेंटरमधून काढलेला नमुना सेंट्रिफ्यूजला फिरवला तर नळीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, नुसत्या पेशींनी भरलेला दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी नळीत दही लावून ठेवलंय. वर याला मिथेनॉल खायला चालतं. मिथेनॉल दिसलं की ते पचवायचं एन्झाइम ढिगाने बनवतं. त्या एन्झाइमच्या जनुकाचं बटण आपल्या जनुकापुढे जोडायचं, की मिथेनॉल देताच आपलं प्रोटीन बाहेर पडायला लागतं. बरीचशी पिकिया विद्या या एका बटणावर उभी आहे.

आता साखर. इथे साखर म्हणजे आपली उसाची नव्हे. प्रोटीनवर ठरावीक ठिकाणी पेशी शर्करेची फांदी लावते. जागा ठरलेली असते: अ‍ॅस्पराजिन, त्यानंतर प्रोलिन सोडून काहीही, त्यानंतर सेरिन किंवा थ्रिओनिन. या जागी यीस्ट आणि माणूस दोघंही सुरुवातीला अगदी एकच फांदी लावतात, चौदा शर्करांची. इथपर्यंत दोघांत काही फरक नाही. फेट्याचं कापड एकच, बांधणारा वेगळा, असं समजा. ते कापड पुढे गॉल्जीत, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन सजवायच्या खोलीत, गेलं की माणसाची पेशी कात्री घेऊन बसते. मॅनोज ही त्या फांदीतली मुख्य शर्करा कापून पाचवर आणते, मग त्यावर ग्लुकोसामाइन, मग आणखी मॅनोज कापणं, मग गॅलॅक्टोज आणि टोकाला सायलिक अ‍ॅसिड. यीस्टला कात्रीचा सोस नाही. ओसीएच१ नावाचं एक एन्झाइम एक मॅनोज चिकटवतं आणि त्या खुंटीवर मॅनोजच्या माळा चढत जातात. बेकरीच्या यीस्टमध्ये या माळा पन्नास, शंभर अशाही जातात. पिकिया त्या मानाने सभ्य, बहुतेकदा आठ ते चौदावर थांबतं. पण सभ्य असलं तरी फेटा यीस्टचाच.

त्याने बिघडतं काय? आपल्या यकृतात आणि पांढऱ्या पेशींवर मॅनोज ओळखणारे रिसेप्टर आहेत. उघडं मॅनोज दिसलं की हा बाहेरचा जंतू, असं समजून शरीर तो माल उचलून घेतं. इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत औषध रक्तातून गायब. बुरशीची म्हणून काही खास मॅनोजची जोडणी असते, तिच्याविरुद्ध शरीर अँटिबॉडीही करू शकतं. सायलिक अ‍ॅसिड टोकाला असलं की हा आपलाच माणूस अशी ओळख पटते. ते गळून खालचं गॅलॅक्टोज उघडं पडलं तरी यकृतात त्याच्यासाठी वेगळा रिसेप्टर बसलेलाच आहे. म्हणजे अर्धवट माणसासारखी साखर लावून काम भागत नाही, टोकापर्यंत जावं लागतं.

पण साखर प्रत्येक प्रोटीनला लागतेच असं नाही, आणि तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. इंटरफेरॉनच्याच घरातली दोन भावंडं घ्या. आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी १९५७ मध्ये इंटरफेरॉन शोधलं. त्यातलं अल्फा-२बी हे ई. कोलायमध्ये बनवून १९८६ पासून औषध म्हणून वापरात आहे. त्याच्यावर अ‍ॅस्पराजिनवाली साखरेची जागाच नाही, म्हणून बॅक्टेरियाने बनवलं तरी कामात कसूर नाही. रक्तात जास्त वेळ टिकत नव्हतं, तर त्याला पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) या रसायनाची लांब शेपूट जोडली आणि आठवड्यातून एक इंजेक्शन पुरायला लागलं. हेपटायटिस सी साठी कित्येक वर्षं तेच चालवलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये झायडसला कोविडसाठी आणीबाणीची परवानगी मिळाली ते विराफिन म्हणजे हेच, पीईजी लावलेलं अल्फा-२बी.

आता तुमचं बीटा. १६६ अमिनो अ‍ॅसिडचं प्रोटीन, साखरेची एकच जागा, ८० व्या अ‍ॅस्पराजिनवर. उघडं असेल तर वजन साधारण साडेअठरा किलोडाल्टन (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक), साखरेसकट साडेबावीस. दिसायला एक फांदी, पण हे प्रोटीन अंगाने तेलकट, पाण्याशी त्याचं जमत नाही. फांदी नसली की एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर याची दोन औषधं मिळतात, त्यांची तुलना करून बघा. एक ई. कोलायचं, बीटा-१बी, बिनसाखरेचं. डोस २५० मायक्रोग्रॅम, एक दिवसाआड. दुसरं सस्तन प्राण्याच्या पेशीतलं, बीटा-१ए, साखरेसकट. एका प्रकारात ३० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा. दोन्ही कामं करतात, पण दर मायक्रोग्रॅममागची ताकद किती वेगळी ते या आकड्यांतच दिसतं. तेव्हा "ई. कोलायमध्ये करा" म्हणणारे सर अल्फाच्या बाबतीत बरोबर आणि "साखरेशिवाय अर्थ नाही" म्हणणारे बीटाच्या बाबतीत बरेचसे बरोबर. बरेचसेच म्हणतोय, कारण बिनसाखरेचं बीटाही १९९३ पासून बाजारात आहेच.

मग यीस्टला माणसाचा फेटा बांधायला शिकवता येतं का? येतं, आणि ते करून दाखवलेलं आहे. अमेरिकेत टिलमन गर्नग्रोस यांच्या ग्लायकोफाय कंपनीच्या लोकांनी २००३ मध्ये पहिला टप्पा छापला आणि २००६ मध्ये सायलिक अ‍ॅसिडपर्यंतची पूर्ण माणसासारखी फांदी पिकियात काढली. त्यासाठी यीस्टची चार जनुकं काढून टाकली आणि बाहेरची चौदा आणून बसवली. सायलिक अ‍ॅसिड यीस्टला माहीतच नाही, त्यामुळे ते बनवायचा, गॉल्जीत नेऊन पोचवायचा आणि चिकटवायचा सगळा कारभार नव्याने उभा करावा लागला. जनुक घातलं की झालं असंही नाही. एन्झाइम गॉल्जीच्या योग्य खणात जाऊन बसलं पाहिजे, नाहीतर नंतरचं काम आधी होऊन सगळा घोळ. म्हणून प्रत्येक एन्झाइमला वेगवेगळ्या पत्त्यांचे तुकडे जोडून शेकड्याने जोड्या तपासल्या. त्याच वर्षी मर्कने ही कंपनी चाळीस कोटी डॉलरला घेतली. तिकडे बेल्जियममध्ये गेंटच्या कॅलेवार्ट यांच्या गटाने ग्लायकोस्विच म्हणून त्यामानाने सुटसुटीत पद्धत काढली, एकेक पायरी करत जाणारी.

या वाटेवरची एक अडचण पेपरमध्ये दोन ओळींत असते आणि हातात घेतली की महिनेच्या महिने खाते. ओसीएच१ काढलं की यीस्ट आजारी पडल्यासारखं वागतं. त्याची स्वतःची पेशीभित्ती त्याच मॅनोजवर उभी असते. वाढ मंदावते, पेशी गुच्छ करून बसतात, तापमान जरा वाढलं की फुटतात. फुटल्या की आतले प्रोटीएज बाहेर येतात आणि तुमचंच प्रोटीन खातात. शिवाय सेरिन-थ्रिओनिनवर यीस्ट वेगळीच मॅनोजची साखर लावतं, ती या सगळ्या खटाटोपाने जात नाही.

एवढं सगळं जमल्यावरही बाजाराकडे बघा. पिकियातून आलेली औषधं घ्या: २००९ चं एकॅलँटाइड, २०१२ चं ऑक्रिप्लाझमिन, २०२० ची मायग्रेनवरची अँटिबॉडी एप्टिनेझुमॅब. या तिघांनाही साखरेची गरज नाही. त्या अँटिबॉडीतली तर साखरेची जागाच मुद्दाम बदलून टाकली आहे. हैदराबादच्या शांता बायोटेकची १९९७ ची हेपटायटिस बी लस पिकियातलीच, तिथेही साखरेचा प्रश्न आडवा आला नाही. आणि १२ ते १४ वयाच्या मुलांना २०२२ च्या मार्चपासून दिलेली कोर्बेव्हॅक्स आठवते? आमच्या शेजारच्या शाळेत रांग लागली होती. तो करोनाच्या स्पाइकचा तुकडाही पिकियात बनतो. त्यावर साखरेच्या दोन जागा होत्या, आणि पिकिया त्यातल्या एका जागेवर जरा जास्तच मॅनोज चढवत होतं. तर ह्यूस्टनच्या संशोधकांनी काय केलं? यीस्टला सुधारत बसले नाहीत, ती ३३१ क्रमांकाची जागाच उडवून दिली. एक अमिनो अ‍ॅसिड गेलं आणि कटकट संपली. मला विचाराल तर या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं काम हेच.

साखर असण्याने कधी कधी कामही बिघडतं. एसीई२ हा आपला रिसेप्टर, ज्याला करोनाचा विषाणू धरतो. त्याचा बाहेरचा भाग वेगळा बनवून शरीरात सोडायचा, विषाणूने पेशीऐवजी त्यालाच धरावं, अशी कल्पना आहे. त्याच्यावर साखरेच्या सात जागा. त्यातल्या ९० व्या अ‍ॅस्पराजिनवरची साखर स्पाइकच्या वाटेत येते. ती जागा घालवली तर पकड वाढते. उलट अँटिबॉडीत एक फायदा फुकटात मिळतो. फ्युकोज नावाची शर्करा यीस्टकडे नाहीच. फ्युकोज नसलेली, पण बाकी माणसासारखी साखर असलेली अँटिबॉडी मारक पेशींना जास्त घट्ट धरते. यीस्टचं अडाणीपण तिथे गुण ठरतं.

"विषाणूविरुद्ध औषध" या शब्दांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर लोक ते लिहून मोकळे होतात. करोनात जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत इंटरफेरॉन बीटा-१ए रुग्णालयात दाखल झालेल्यांना देऊन बघितलं. मृत्यू कमी झाले नाहीत. तेच प्रोटीन, उत्तम साखर असलेलं. नंतर इंटरफेरॉन लॅम्डाला पीईजी लावून, लक्षणं दिसल्यावर सात दिवसांच्या आत, घरी असलेल्या रुग्णांना एकच इंजेक्शन दिलं, ब्राझील आणि कॅनडात. दाखल व्हावं लागण्याचं किंवा तातडीच्या विभागात थांबावं लागण्याचं प्रमाण ५.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलं. इंटरफेरॉन म्हणजे गावात दवंडी पिटणं आहे. चोर शिरायच्या आधी किंवा नुकता शिरलाय तेव्हा पिटली तर उपयोग, सगळं घर धुऊन नेल्यावर पिटून नुसता गोंधळ. शिवाय गंभीर करोना झालेल्यांपैकी किमान दहा टक्के लोकांच्या शरीरात इंटरफेरॉनविरुद्धच, मुख्यतः अल्फा आणि ओमेगा प्रकारांविरुद्ध, अँटिबॉडी आधीपासून होत्या असं २०२० मध्ये निघालं. त्यांना अल्फा कितीही चांगलं बनवून दिलं तरी काय होणार? तेव्हा पहिल्या पानावर औषध लिहू नका. "इंटरफेरॉन बीटाची पिकियातील निर्मिती व त्यावरील साखरेची तपासणी" एवढं लिहिलंत तरी परीक्षक मान डोलावतील.

आता इथे होईल का. होईल, पण सायलिक अ‍ॅसिडपर्यंत नाही. चौदा जनुकांचं काम एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये बसत नाही, शिवाजी विद्यापीठात नाही आणि हार्वर्डमध्येही नाही. तुमच्या हातात सात-आठ महिने आहेत असं धरून मी असं करेन.

साध्या पिकियात बीटा बाहेर सोडायचं. जनुक विकत बनवून घ्या, पिकियाच्या सवयीच्या कोडॉनमध्ये (जनुकाच्या तीन-तीन अक्षरी शब्दांत). त्याच वेळी दुसरंही मागवा, ज्यात ८० वं अ‍ॅस्पराजिन बदललेलं असेल, म्हणजे साखर लागणारच नाही. दोघांची तुलना हाच तुमचा प्रबंध. जनुक शिरलेल्या पेशी निवडायला झिओसिन हे अँटिबायोटिक वापरणार असाल तर ई. कोलायच्या (जनुक आधी त्यात वाढवतात) प्लेट कमी मिठाच्या करा आणि बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा; मीठ आणि उजेड दोन्हींनी ते मरतं आणि मग सगळ्याच वसाहती उगवतात, आपण आनंदाने नाचतो. फ्लास्क आतून खाचा असलेला (बॅफल्ड) घ्या, दहावा हिस्साच भरा, तोंडाला कापसाचा बोळा नको, मलमलचं दुहेरी कापड बांधा. पिकियाला हवा लागते, फ्लास्क गच्च भरून हवा कोंडलीत तर काहीही मिळणार नाही. आधी ग्लिसरॉलवर वाढवा, मग पेशी खाली बसवून मिथेनॉलच्या माध्यमात घ्या, दर चोवीस तासांनी अर्धा टक्का मिथेनॉल, तीन-चार दिवस. बीटासाठी तापमान तीसऐवजी बावीस-तेवीसवर आणून बघा, गुठळ्या कमी होतील.

मग जेल, म्हणजे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करून दाखवणारी तपासणी. माझ्या हातचा पहिला साखरवाला जेल मला अजून आठवतो. प्रोटीन वेगळं होतं, बिनसाखरेचं वजन तीस किलोडाल्टन. पंचेचाळीसपासून सत्तरपर्यंत नुसता पसारा, ओल्या भिंतीवरच्या डागासारखा. साहेब म्हणाले, "हे काय, तर्री सांडलीय का?" मी नमुन्याला एन्डो-एच हे साखर कापणारं एन्झाइम लावून रात्रभर ठेवलं. सकाळी त्याच वाटेवर एक बारीक, काळीभोर रेघ, बरोब्बर तिसाच्या जागी. तो पसारा म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या मॅनोजच्या माळा होत्या, प्रोटीन एकच. तुम्हीही हेच करायचं. एन्डो-एच मॅनोजवाली साखर कापतं, माणसासारखी गुंतागुंतीची साखर कापत नाही. पीएनगेज-एफ दोन्ही कापतं. शेजारी शेजारी दोन्ही लावा: एन्डो-एचने सगळं खाली आलं तर साखर यीस्टचीच आहे. जमलं आणि वेळ उरला तर ओसीएच१ काढलेली जात कुणाकडून मागून घ्या आणि तेच जनुक तिच्यात घाला. पसारा आखडलेला दिसेल. एवढं दिसलं तरी पेपर होण्याजोगं आहे.

काम करतं की नाही हे बघायला खरा विषाणू आणू नका. कॉलेजात तशी सोय नसते. इंटरफेरॉन लागलं की रंग देणाऱ्या रिपोर्टर पेशी मिळतात, ज्या प्रयोगशाळेत पेशी वाढवतात तिथे विनंती करा. आणि जनुक बदललेला जीव हाताळण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्या. १९८९ च्या नियमांत ते आहे. परवानगी मागे राहिली आणि काम पुढे गेलं की शेवटी प्रबंधच अडकतो.

मिथेनॉलबद्दल हसण्यावारी नेऊ नका. डिस्टिलरीत काम केलेल्या माणसाला त्या शब्दाने आजही पोटात गोळा येतो. डोळे जातात, माणूस जातो. कुलपात ठेवा, वहीत नोंद ठेवा, बाटलीवर मराठीत मोठ्ठं "विष" लिहा, कारण प्रयोगशाळा झाडायला येणाऱ्या मावशींना रासायनिक सूत्र वाचता येत नाही. आगही लवकर धरतं, आणि उन्हात ज्योत दिसत नाही.

फर्मेंटरवर जायची संधी मिळालीच तर माझी चूक तुम्ही करू नका. मिथेनॉल सुरू केल्यावर पहिले काही तास पिकिया ते खायला शिकत असतं. पाण्यातला ऑक्सिजन वर दिसतो. मी रात्रपाळीला होतो, ऑक्सिजन भरपूर आहे म्हणजे अजून खाऊ शकेल असं वाटून मी पंप वाढवला. पहाटेपर्यंत टाकीत मिथेनॉल साठलं आणि पेशी त्यातच मेल्या. सहा दिवसांची बॅच गटारात. खात्री करायची साधी रीत आहे: पंप बंद करा. मिनिटभरात ऑक्सिजन झपकन वर उडाला तर पेशी जेवढं मिळतंय तेवढं खाताहेत. वर उडाला नाही तर मिथेनॉल साठलंय, थांबा.

शेवटचं, आणि हे कुठल्या पुस्तकात नाही. क्लोन, म्हणजे आपलं प्रोटीन देणारी निवडलेली यीस्टची वसाहत, हाती आला त्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये दोन संच गोठवा आणि ते दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत वीज गेली ती चार दिवस आली नाही. पाणी आत आलं नव्हतं, फक्त वीज नव्हती. उणे ऐंशीच्या फ्रीजमधली तीन वर्षांची वसाहत वितळून पाणी झाली. दुसरा संच होता, त्याच फ्रीजच्या खालच्या खणात.

जेल झाला की फोटो पाठवा. मार्करची (माहीत असलेल्या वजनांच्या प्रोटीनची) लेन कापून पाठवू नका, आणि बिनसाखरेच्या प्रोटीनची लेन शेजारीच लावा. दोन्ही असतील तर फोनवर सांगतो काय झालंय ते.